डायफेनबाकिया मिनिटात जीव घेत नाही, कुंड्या फेकू नका

"हे झाड घरात असेल तर आत्ताच फेका, पान चावलं तर लहान मूल 1 मिनिटात आणि मोठा माणूस 15 मिनिटांत जातो, हात डोळ्याला लागला तर कायमचं आंधळेपण, पानावरचे पांढरे ठिपके म्हणजेच विष." डायफेनबाकिया या पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांच्या शोभेच्या झाडाबद्दलचा हा मेसेज परत फिरायला लागलाय, आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला आणि शेजारच्या काकूंनी सहा वर्षांचं झाड तोडून टाकलं पण.

मिनिटात मरण हे साफ खोटं. या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की जिभेत टोचतात, आग होते, लाळ गळते, तोंड सुजतं, कधी थोडा वेळ बोलताही येत नाही. अळू नीट शिजला नाही की घसा खवखवतो, सुरण चिरताना हात खाजतात, ते हेच स्फटिक, तिघंही एकाच कुळातले. याचा त्रास अळूपेक्षा जास्त, ते मान्य, पण जीव जाणं अतिशय दुर्मिळ. माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी पान चावलं, अर्धा तास नुसता रडत होता, खालचा ओठ जांभळाएवढा सुजला, तोंड धुवून गार दूध पाजलं आणि लगेच डॉक्टरांकडे नेलं, संध्याकाळी वरणभात खाल्ला. उलटी मात्र करायला लावायची नाही, आणि घसा सुजून गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं तर थेट दवाखाना, तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

डोळ्याचं म्हणाल तर चीक गेला की भयंकर झोंबतं, बुबुळाला इजा होऊ शकते, 15-20 मिनिटं पाण्यानं धुवून डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचंच, पण उपचार केले की बहुतेक वेळा बरं होतं. नुसतं पान पुसताना काही होत नाही, चीक येतो खोड किंवा पान तोडल्यावर. काकूंनी नेमकं तेच केलं, मेसेज वाचून घाबरल्या आणि उघड्या हातानं कोयत्यानं कांडी तोडली, मनगटभर लाल पुरळ उठलं, आणि तुकडे टाकले कंपाउंडबाहेर, जिथे दुपारी शेळ्या येतात!

ठिपके म्हणजे विष नाही, तिथे हरितद्रव्य कमी असतं एवढंच, स्फटिक तर हिरव्या भागातही आहेत आणि खोडातही. उजेड कमी पडला की नवीन पानं हिरवी यायला लागतात, म्हणून खिडकीजवळ ठेवा, पण थेट ऊन नको, सांगलीच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं तर पांढरा भागच आधी करपतो. पाणी बोटाचं पेरभर माती कोरडी झाल्यावरच. साताऱ्याकडच्यांनी थंडीत रात्री आत घ्यावं, 15 अंशांखाली याला सोसत नाही.

आणि मेसेजमधला फोटो अॅग्लोनिमाचा आहे हो! डायफेनबाकियाचं खोड उसासारखं जाड, कांड्याकांड्याचं, उंच वाढणारं, अॅग्लोनिमा बुटका, झुपक्यानं वाढतो. तोही त्याच कुळातला, त्यामुळे काळजी तीच.

काकूंचे तुकडे मी हातमोजे घालून उचलून आणलेत, तीन कांड्या दिवसभर सुकवून कुंडीत आडव्या ठेवल्यात, फुटल्या की हव्या असतील तर घेऊन जा, घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर मात्र पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा.