नाइनर्सना ड्राफ्ट जमतो का? पर्डीकडे बघून ठरवू नका

दरवर्षी एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ३२ च्या ३२ टीम्सचं प्रगतिपुस्तक तयार असतं, हिला ए, तिला बी प्लस, अमक्यांना डी. ज्या पोरांवरून हे मार्क दिलेत त्यांनी अजून एक प्लेसुद्धा खेळलेला नसतो. मला हे मनापासून खटकतं. आणि इकडे आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर नाइनर्सचा, म्हणजे आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स टीमचा, विषय निघाला की एक जण म्हणतोच, "ज्यांनी २६२ नंबरला पर्डी शोधला त्यांना काय शिकवणार", की लगेच दुसरा, "आणि ट्रे लान्सवर सगळे पिक्स उधळले त्याचं काय?" वाद तिथेच गोल गोल फिरतो. पर्डी आणि लान्स हे नाइनर्सनी ड्राफ्टमध्ये घेतलेले क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून टीमचा हल्ला चालवणारे खेळाडू. वाद घालणारे दोघंही एकेका नावावरून अख्ख्या टीमची पारख करतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

तिकडच्या, म्हणजे भारतातल्या, मंडळींसाठी थोडक्यात. हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही, नंबर लागतात. कॉलेजमधून येणारे खेळाडू सात राऊंडमध्ये निवडायचे, आदल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणारी शेवटी. हे नंबर, म्हणजेच पिक्स, एकमेकांत बदलता येतात, पुढच्या वर्षीचेसुद्धा देता येतात. निवडलेल्या पोराचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, आणि २०११ पासून त्याचा पगार कितव्या नंबरला गेला त्यावरूनच जवळपास ठरतो. टीमच्या एकूण पगाराला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, आहे, त्यामुळे खालच्या नंबरचा पोरगा स्टार निघाला तर चार वर्षं टीमची चांदी. पर्डी पहिली तीन वर्षं वर्षाला एक मिलियन डॉलरच्या आत खेळला, २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६५ मिलियन मिळाले, यावरून फरक कळेल.

आता लान्स. २०२१ मध्ये आपला नंबर बारावा होता. तिथून तिसऱ्यावर जायला मायामीला तो बारावा तर दिलाच, वर २०२२ चा फर्स्ट राऊंड, २०२३ चा फर्स्ट राऊंड आणि आणखी एक थर्ड राऊंड पिक. एवढं देऊन घेतला कोण, तर नॉर्थ डकोटा स्टेटचा असा पोरगा ज्याने कॉलेजात एकच पूर्ण सीझन स्टार्टर म्हणून काढला होता, २०२० ला कोविडमुळे त्याला फक्त एक मॅच मिळाली. नाइनर्सकडून त्याने चार मॅचेस स्टार्ट केल्या, २०२२ च्या दुसऱ्याच आठवड्यात घोटा मोडला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या राऊंडच्या एका पिकवर तो डॅलसला गेला. लोक म्हणतात नशीब फुटकं. घोटा मोडला ते नशीबच, मान्य आहे. माझा आक्षेप मोजलेल्या किमतीवर आहे. त्या वर्षी पहिल्या १५ नंबरांत पाच क्वार्टरबॅक गेले, लॉरेन्स, झॅक विल्सन, लान्स, फील्ड्स, मॅक जोन्स, आणि २०२४ च्या सीझनपर्यंत त्यातला एकटा लॉरेन्स मूळ टीमकडे उरला होता. इतकी बेभरवशाची गोष्ट असताना तीन वर्षांचे फर्स्ट राऊंड एकाच पोरावर लावणं हाच चुकीचा निर्णय होता, लान्स चांगला निघाला असता तरी मी हेच म्हटलं असतं. आपण सोडलेला तो बारावा नंबर हातोहात फिरत डॅलसकडे गेला आणि त्यांनी तिथे मायका पार्सन्स घेतला, जो पुढे डिफेन्सचा मोठा स्टार झाला. आपण पार्सन्सच घेतला असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण ती संधी तरी हातात राहिली असती ना.

आणि पर्डी. २६२ म्हणजे त्या ड्राफ्टचा शेवटचा नंबर, त्या खेळाडूला इथे मिस्टर इररेलेव्हंट म्हणायची पद्धत आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचा आपला मुख्य क्वार्टरबॅक गॅरोपोलोचा पाय मोडला, पर्डी आत आला, आणि पुढच्याच रविवारी लीवाईज स्टेडियमवर टॉम ब्रेडीसारख्या दिग्गज क्वार्टरबॅकच्या टॅम्पा बेला ३५-७ धुतलं. स्टँडमध्ये त्याचे वडील रडताना टीव्हीवर दाखवले, इकडे माझेही डोळे भरून आले होते. पुढच्या सीझनला सुपर बोलला पोचलो, ओव्हरटाइममध्ये कॅन्सस सिटीकडून २५-२२ असे हरलो. हा पोरगा मला प्रचंड आवडतो. पण "शोधला" म्हणताना एक गोष्ट बघा, त्या ड्राफ्टमध्ये नाइनर्सनी नऊ जण घेतले आणि पर्डी त्यातला नववा. त्याच्याआधी आठ वेळा आपली पाळी आली आणि आठही वेळा आपण दुसरंच नाव दिलं. हा इतका चांगला निघणार हे माहीत असतं तर दुसऱ्या राऊंडलाच उचलला असता, कोण थांबतं? त्यामुळे पर्डीवरून ड्राफ्टमधली नजर सिद्ध होत नाही. ज्याचं खरं श्रेय द्यायला हवं ते वेगळंच आहे, शेवटच्या नंबरच्या पोराला कॅम्पमध्ये नीट बघितलं, तिसरा क्वार्टरबॅक म्हणून टीममध्ये ठेवला, आणि वेळ आल्यावर तीन फर्स्ट राऊंडवाल्या लान्सला बाजूला सारून याला खेळवला. स्वतःच्या महागड्या निर्णयाविरुद्ध असं जायला हिंमत लागते. त्याला माझे पूर्ण मार्क.

ब्रेडीचंही तेच. २००० साली सहावा राऊंड, १९९ वा नंबर. पोरगा आपल्या सॅन मटेओचा, लहानपणापासून नाइनर्सचा फॅन, आणि आपण त्या वर्षी तिसऱ्या राऊंडला जिओव्हानी कारमाझी नावाचा क्वार्टरबॅक घेतला जो लीगमध्ये रेग्युलर सीझनची एकही मॅच खेळला नाही. यावर इथले जुने फॅन्स अजून उसासे टाकतात, पण ब्रेडीला पाच राऊंड सोडून देणाऱ्यांत त्याला शेवटी घेणारे खुद्द पेट्रियट्सही होतेच की.

म्हणून मी टीमची पारख करायची ती अशी करते, की त्या नंबरला कोणीही काय केलं असतं ते आधी बाजूला काढायचं. निक बोसा, २०१९, दुसरा नंबर. खेळाडू जबरदस्त, पण ॲरिझोनाने पहिल्यावर कायलर मरी घेतल्यावर आपल्या जागी कुठलीही टीम असती तरी त्यांनी बोसाच घेतला असता. तो नंबर आपल्याला मिळाला कारण २०१८ ला गॅरोपोलोचा गुडघा गेला आणि आपण ४-१२ संपलो. याचं श्रेय स्काउट्सना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, कसलं द्यायचं? उलट जॉर्ज किटल २०१७ ला पाचव्या राऊंडला, ग्रीनलॉ २०१९ ला पाचव्या राऊंडला, हुफांगा २०२१ ला पाचव्या राऊंडला, यातले किटल आणि हुफांगा तर पुढे ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवडले गेलेले, झाले. एकदा लागला तर मटका म्हणू, पाच ड्राफ्टमध्ये तीनदा त्याच राऊंडला लागला तर तिथे कोणीतरी मन लावून काम करतंय.

आता याच माणसांची, म्हणजे जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि हेड कोच काइल शॅनाहनची, फर्स्ट राऊंडची यादी काढा. २०१७ ला तिसऱ्या नंबरवर सॉलोमन थॉमस, ३१ ला रूबेन फॉस्टर ज्याला दीड वर्षात काढावं लागलं. २०२० ला डिफॉरेस्ट बकनरसारखा भरात असलेला माणूस इंडियानापोलिसला देऊन तेरावा नंबर घेतला, मग टॅम्पाबरोबर एक घर मागे येऊन चौदाव्याला जावॉन किनलॉ, आणि टॅम्पाने आपल्याकडून घेतलेल्या तेराव्यावर ट्रिस्टन वर्फ्स उचलला, जो पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला आणि पुढे लीगमधल्या सगळ्यात भारी टॅकल्समध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या खेळाडूंमध्ये, गेला. किनलॉचे गुडघे कधी धड राहिलेच नाहीत. मला तो ट्रेड आजही पचत नाही, कारण ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये माणूस हवा होता हे तेव्हाही कुठल्याही फॅनला दिसत होतं.

पण २०१७ चाच एक धागा पूर्ण ओढून बघा. शिकागोला दुसरा नंबर हवा होता, क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीसाठी. आपण एकच घर मागे आलो, तिसऱ्यावर, आणि त्याबदल्यात ६७ वा, १११ वा आणि २०१८ चा थर्ड राऊंड पिक मिळवला. थॉमस फसला, त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्याला पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला मॅहोम्स गेला, ते सगळं खरं. ६७ वा आपण न्यू ऑर्लिन्सला दिला, तिथे त्यांनी पुढे स्टार झालेला ॲल्विन कमारा घेतला, हेही बोचतं. पण शिकागोच्या त्या २०१८ च्या पिकवर, ७० व्या नंबरला, फ्रेड वॉर्नर आला, आणि आपला डिफेन्स इतकी वर्षं त्याच्या भोवती उभा आहे. म्हणजे निवड चुकली तरी सौदा चांगला होता म्हणून टीम वाचली. लान्सच्या वेळी निवड चुकली आणि हातात दुसरं काही उरलंच नव्हतं.

या सगळ्यावर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी फार चांगलं संशोधन केलंय (थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले). त्यांनी बघितलं की एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के, नाणं उडवल्यापेक्षा किंचित बरी. आणि टीम्स मात्र वर सरकायला खात्री असल्यासारखी किंमत देतात. आकडा डोक्यात ठेवा आणि परत लान्सचा ट्रेड आठवा.

गंमत म्हणजे हे आपल्याच घरात कोणालातरी कळलं होतं. १९८६ चा ड्राफ्ट, तेव्हाचे आपले हेड कोच बिल वॉल्श. पुन्हा पुन्हा मागे सरकत गेले, फर्स्ट राऊंडमध्ये कोणालाच घेतलं नाही, आणि त्याबदल्यात मधल्या राऊंड्सचे पिक्स गोळा केले. आले कोण, तर रॅथमन, मॅकायर, जॉन टेलर, चार्ल्स हेली, स्टीव्ह वॉलेस, फेगन, ग्रिफिन, लॅरी रॉबर्ट्स. हेली चौथ्या राऊंडचा, जेम्स मॅडिसनसारख्या छोट्या कॉलेजचा, आज हॉल ऑफ फेममध्ये. १९८९ च्या जानेवारीत सिनसिनाटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये ३४ सेकंद राहिले असताना आपल्या क्वार्टरबॅक मोंटॅनाचा जो पास एंड झोनमध्ये, म्हणजे जिथे स्कोअर होतो त्या पट्ट्यात, पकडला गेला तो पकडणारा टेलर याच ड्राफ्टचा, तिसऱ्या राऊंडचा.

सिॲटलनेही हे करून दाखवलं, लिहिताना त्रास होतो पण लिहायलाच हवं. २०१२ ला त्यांनी ब्रूस अर्विन, बॉबी वॅग्नर, रसेल विल्सन घेतले तेव्हा काही प्रगतिपुस्तकांत त्यांना सरळ नापास केलं होतं. २०१४ च्या जानेवारीत आपण त्यांच्याकडे एनएफसी फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच, खेळायला गेलो, २३-१७ ने मागे होतो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपल्या क्वार्टरबॅक कॅपरनिकने एंड झोनच्या कोपऱ्यात क्रॅबट्रीकडे बॉल टाकला, त्यांच्या रिचर्ड शर्मनने उडी मारून तो हाताने मागे ढकलला आणि माल्कम स्मिथने झेलला. क्रॅबट्री आपला फर्स्ट राऊंडचा, दहाव्या नंबरचा पिक. शर्मन पाचव्या राऊंडचा, स्मिथ सातव्या राऊंडचा, दोघंही २०११ चे. दोन आठवड्यांनी त्यांनी डेन्व्हरला ४३-८ हरवलं आणि स्मिथ सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, झाला.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. २००५ ला पहिल्या नंबरवर आपण ॲलेक्स स्मिथ घेतला आणि बर्कलीचा ॲरन रॉजर्स २४ व्या नंबरपर्यंत बसून राहिला, ग्रीन बेने घेतला. स्काउट्सना आजही शिव्या पडतात. पण स्मिथला पहिल्या पाच सीझनमध्ये पाच वेगवेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याचे डाव आखणारे कोच, मिळाले. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला दरवर्षी नवी भाषा, नवं प्लेबुक, कसा उभा राहणार तो? पहिल्या वर्षीचा त्याचा कोऑर्डिनेटर माइक मॅकार्थी लगेच ग्रीन बेचा हेड कोच होऊन गेला आणि तिथे रॉजर्स एकूण तीन वर्षं शांतपणे बसून शिकला, त्यातली शेवटची दोन त्याच्या हाताखाली. पुढे हार्बॉ हेड कोच म्हणून आल्यावर हाच स्मिथ आपल्याला एनएफसी फायनलला घेऊन गेला. मग २००५ ची निवड चुकली की नंतरची पाच वर्षं चुकली? माझं मत स्पष्ट आहे, निम्म्याहून जास्त दोष नंतरच्या पाच वर्षांचा.

तर माझ्या हिशेबाने लिंच-शॅनाहन मधल्या आणि खालच्या राऊंडला लीगमधल्या चांगल्या टीम्समध्ये मोडतात, फर्स्ट राऊंडला ते साधारणपेक्षा खाली आहेत, आणि मोठी किंमत मोजून वर सरकायची खोड त्यांनी सोडायलाच हवी. पर्डी आता महाग झालाय, म्हणजे यापुढे स्वस्तातली चांगली पोरं दरवर्षी दोन-तीन तरी निघायलाच हवीत, नाहीतर वॉर्नर-बोसाची उरलेली वर्षं फुकट जातील याची मला खरंच काळजी वाटते. २०२५ ला त्यांनी ११ पोरं घेतली, पहिली पाचही डिफेन्सची, अकराव्या नंबरच्या मायकेल विल्यम्सपासून सुरुवात, आणि फर्स्ट राऊंडमध्ये वर जायला काही उधळलं नाही. हे मला आवडलं. त्या अकरांपैकी किती जणांना इथेच दुसरं कॉन्ट्रॅक्ट मिळतं ते २०२८-२९ ला बघू, तोवर कोणी त्या ड्राफ्टचे मार्क विचारले तर मी देणार नाही.