मतदानाच्या आधीच संपलेली निवडणूक

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो मास्तरांच्या एका विधानावरून. पालिका शाळेत असताना त्यांनी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, मतदान केंद्रे बळकावण्याचे दिवस आता सरले. १९८९ मध्ये या गुन्ह्याची कायद्यात स्वतंत्र व्याख्या झाली, पुढे मतदान यंत्रे आली, आणि यंत्र मिनिटाला चारपेक्षा अधिक मते स्वीकारत नसल्यामुळे गुंडांनी केंद्र ताब्यात घेतले तरी तासाभरात दोनशे चाळीसच्या वर मते टाकता येत नाहीत.

"मास्तर, दहशत संपलेली नाही, तिने फक्त तारीख बदलली आहे," वकील म्हणाले. त्यांनी पश्चिम बंगालच्या २०१८ च्या पंचायत निवडणुकीचा दाखला दिला. तिथे तिन्ही स्तरांवरच्या ५८,६९२ जागांपैकी २०,१५९ जागा, म्हणजे सुमारे ३४ टक्के, बिनविरोध गेल्या. आम्हाला अर्जच भरू दिले नाहीत, अशी विरोधकांची तक्रार होती; सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या जागांची निवडणूक रद्द न करता तक्रारदारांना निवडणूक याचिकेचा मार्ग दाखवला. ज्याला अर्जही भरता आला नाही, त्याने धमकीचा साक्षीदार कुठून आणायचा?

मास्तरांना बिनविरोध निवडीत गावाचा सलोखा दिसतो, आणि बिनविरोध ग्रामपंचायतीला निधी जाहीर करणारे आमदार आपल्याकडेही आहेतच. पण नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली होती. तो प्रकार पैशाचा होता, दहशतीचा नव्हे. पण एकमताच्या आड काय दडले आहे हे तपासण्याचा अधिकार आयोग वापरू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

खरा वाद जुंपला तो मतमोजणीवरून. आज निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो, आणि एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. आपल्या मुंबईत म्हणजे दोन-चार चाळी किंवा झोपडपट्टीची एखादी गल्ली. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त राहते, परंतु कोणत्या चाळीने पाठ फिरवली हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी नगरसेवकाच्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असते, आणि ज्यांचे पाणी, शौचालय, पुनर्विकासाची पात्रता सगळे त्याच्या शब्दावर अडते, त्यांना धमकी बोलून दाखवावीही लागत नाही. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तेच काम करणारे, चौदा यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे 'टोटलायझर' हे यंत्र केंद्रीय निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, पण केंद्र सरकारने विरोध केला.

"अहो वकीलसाहेब, केंद्रनिहाय आकडा झाकलात तर गडबड पकडणार कशी?" मास्तरांनी विचारले. "केंद्रावर किती मते पडली याचा हिशेब असलेला १७-सी नमुना मी स्वतः सही करून उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती देत आलो आहे. तो ताळा सोडायचा?"

प्रश्न रास्त होता, आणि वकील थोडे थांबले. मला मात्र मास्तरांची भीती पटत नाही. चौदा केंद्रांच्या १७-सी मधील एकूण मतांची बेरीज गटाच्या एकूण मतांशी ताडून पाहता येतेच. विसंगती निघाली तर त्या चौदा यंत्रांपुरती फेरतपासणी करता येईल. लपते ती फक्त कोणत्या वस्तीने कोणाला नाकारले ही माहिती, आणि उमेदवाराला ती मिळालीच पाहिजे असे कोणतेही कारण मला सापडत नाही.

मास्तरांनी बेरजेचा मुद्दा मान्य केला, पण फेरतपासणीचा आदेश निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने द्यायचा की न्यायालयाने, यावर ते अडून राहिले. वकिलांच्या मते तो अधिकार अधिकाऱ्याकडेच हवा, कारण निवडणूक याचिकेचा निकाल लागेपर्यंत कित्येकदा सभागृहाची मुदतच संपत येते. मास्तर म्हणाले, त्या टेबलावर बसलेल्या माणसावर किती दडपण असते हे तुम्ही पाहिलेले नाही.