रात्रींची वाटणी

युरोपला जायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा डोंगराचा, सासूबाई समुद्राच्या. वेळापत्रक माझ्या गळ्यात. सासरे कुठल्याच पक्षात नाहीत. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे डोंगर काय नि समुद्र काय, त्यांना रूळ दिसले की पुरे.

नकाशावर सगळं सरळ होतं. स्वित्झर्लंडमधल्या खूरहून बर्निना एक्सप्रेस, आल्प्स ओलांडून इटलीतलं तिरानो, तिथून कोमो सरोवराच्या काठाने मिलान आणि मग खाली समुद्रावर, चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत. मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं.

"चढ किती?" बाबांनी विचारलं.

"हजाराला सत्तर."

"म्हणजे १४ला १! अगं, आपला बोरघाट ३७ला १, तरी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात. यांचा बँकर कुठे लागतो?"

"लागत नाही, बाबा. दातेरी रूळही नाही."

बाबा गप्प झाले. वर हा मार्ग मीटर गेज, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांचा आहे आणि २००८पासून जागतिक वारसा आहे हे ऐकल्यावर ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आपण बहुतेक मीटर गेज उखडून टाकली, हे त्यांच्या मनाला अजून लागतं.

मोठ्या काचांच्या त्या गाडीत पास असला तरी जागेचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते, तिला आरक्षण लागत नाही. मी म्हटलं, साधीनेच जाऊ.

"आरक्षण नाही म्हणजे जनरल डबा," बाबा म्हणाले. "जनरलमध्ये मी हिला घेऊन चढणार नाही."

इटलीतल्या लोकल गाड्यांच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात तारीख-वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर दंड. यावर मात्र ते खूश झाले. जिथे दंड आहे तिथे टीसी आहे, आणि जिथे टीसी आहे तिथे काहीतरी शिस्त आहे.

आईंचा मुद्दा वेगळाच. पाचांतल्या कॉर्नील्या गावात स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हे नवऱ्याने त्यांना मुद्दाम सांगितलं. आई वेंगुर्ल्याच्या. "समुद्र बघायला पायऱ्या चढायच्या? खाली असतो ना तो?" त्यांची समजूत काढायला मी मोंतेरोस्सो सुचवलं. पाचांतलं त्यातल्या त्यात सपाट गाव तेच, आणि पुळणही तिथेच. लगेच नवऱ्याने स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखसाठी जादा रात्र मागितली. ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, युरोपातलं सर्वांत उंच. ढग आले तर एवढे पैसे मोजून पांढरी भिंत बघायची, म्हणून एक रात्र राखीव हवी म्हणे. आईंनीही एक राखीव मागितली. समुद्रावर ढग येत नाहीत का?

एवढ्यात शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम पुढे आला. ज्या देशात मुक्काम जास्त, व्हिसाचा अर्ज त्या देशाकडे. म्हणजे रात्री नुसत्या मोजायच्या नव्हत्या, त्यावर सरकार बनणार होतं. मी दोन्ही पक्षांना समान रात्री दिल्या आणि सुटले असं समजले. तर नियमात त्याचीही सोय. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशाच्या सीमेतून आत शिराल तिथे अर्ज. आता भांडण विमान झ्यूरिकला उतरावं की मिलानला, यावर. मी स्वस्त तिकीट शोधलं. ते निघालं फ्रँकफर्टमार्गे. विमान तिथे बदलायचं, म्हणजे शेंगेनच्या दारात नोंद जर्मनीत होणार.

"मग जर्मनीच करू," बाल्कनीतून बाबांचा आवाज आला. "खाली आल्प्स, वर समुद्र. मधे अख्खा देश आहे, आणि सगळीकडे रूळ."

नवऱ्याने आणि आईंनी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून मान डोलावली. मी नवा तक्ता उघडला.