बोर्ड ओव्हनमध्ये घालू नका!

इतवारीतल्या एका कबाड्याकडे भाच्याला बीबीसी मायक्रो हा जुना कॉम्प्युटर मिळाला. १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांना दिले होते, त्याच जातीचा. स्क्रीनवर नुसता कचरा दिसत होता. तेवढ्यात त्याला एक फॉरवर्ड आला: 'जुन्या कॉम्प्युटरचं चित्र बिघडलं की बोर्ड २०० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये भाजा, सोल्डर पुन्हा बसतं. एलसीडीवर काहीच आलं नाही तर व्हिडिओ आयसी (चिप) मेली. चित्र काळंपांढरं आलं तर रंगाची आयसी गेली.' पोरगं घरचा ओटीजी ओव्हन रिकामा करून बसलं होतं!

हा ओव्हनचा प्रकार ग्राफिक्स कार्डांवरून आलाय. त्या चिपखाली सोल्डरचे बारीक गोळे असतात. बीबीसी मायक्रोच्या आयसींचे पाय भोकांतून आरपार गेलेले असतात किंवा आयसी सॉकेटात बसवलेली असते. तिथे भाजून काय बसणार? शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासून वितळू लागतं. त्याच्या खाली ठेवलं तर सोल्डर हलत नाही, वर नेलं तर प्लॅस्टिकचे कनेक्टर वाकतात आणि ८५ अंशांपर्यंतचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुगतात. वर फ्लक्स आणि प्लॅस्टिकचा धूर घरभर. ज्या ओव्हनमध्ये शिशाचा बोर्ड तापवला, त्यात घरच्यांसाठी नानकटाई कशी भाजायची?

गरम केल्यावर कधीकधी चित्र येतं, हे मान्य करावं लागेल. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) किंवा मळलेलं सॉकेट उष्णतेने प्रसरण पावतं आणि काही काळ जुळतं. पण ती दुरुस्ती नव्हे. दोष कुठे आहे, एवढीच ती खूण. त्यासाठी हेअर ड्रायरची झुळूक पुरते.

आधी कान द्या. चालू करताना लांब आवाजानंतर छोटा बीप आला, तर प्रोसेसर जागा आहे. स्क्रीनवर चित्र काढायच्या पद्धतींना इथे 'मोड' म्हणतात. मशीन सुरू होतं ते मोड ७ मध्ये, आणि त्या मोडची अक्षरं एसएए ५०५० ही वेगळी आयसी काढते. म्हणून स्क्रीनकडे न बघता 'मोड ४' इंग्रजीत टाइप करून रिटर्न दाबायचं. भाच्याला तेच करायला लावलं आणि चित्र स्वच्छ आलं. म्हणजे रॅम, आणि ६८४५ व व्हिडिओ यूएलए या चित्र तयार करणाऱ्या दोन चिप ठीक. शोधायचं ते ५०५० च्या आसपास. ती सॉकेटातून काढली तर पाय काळे पडलेले. साफ करून बसवल्यावर मोड ७ ची अक्षरंही नीट आली.

फॉरवर्डमधलं एलसीडीचं म्हणणं तर सरळ चूक. या मशीनचा आरजीबी (रंगीत चित्राचा) सिग्नल १५.६२५ किलोहर्ट्झवर चालतो, बहुतेक व्हीजीए मॉनिटरना ३१ च्या आसपास लागतं. मॉनिटरला न कळलेल्या सिग्नलसाठी आयसीला कशाला दोष देता?

आणि काळंपांढरं चित्र? काँपोझिट सॉकेटातून (जिथे सगळं चित्र एकाच तारेतून जातं) मुळातच तसं येतं. हे मशीन बनवणाऱ्या एकॉर्नच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला लिंकचा (बोर्डावरच्या जोडण्यांचा) तक्ता बघा: नंतरच्या बोर्डांवर एस३९ ही लिंक जोडली की त्याच सॉकेटातून रंग येतो.