शून्यावरचे तीन काटे

आमची गाडी पार्किंगमध्ये 2 वर्षं 7 महिने उभी होती. गाडी 1998 ची, वडिलांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नाही, आमची आहे. आरटीओचे कागद मात्र ठणठणीत. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तेही मुदतीच्या तीन आठवडे आधी. माझ्या वडिलांनी आयुष्यात मुदत चुकवली नाही आणि आम्हा कुणाला ते विसरूही दिलं नाही.

मेहुण्याने गाडी मागितली. त्याला शिकायला जुनी गाडी हवी होती, म्हणजे ठोकली तर वाईट वाटणार नाही अशी. वाईट कुणाला वाटणार नाही, हे त्याने स्पष्ट केलं नाही. रविवारी सकाळी मी कव्हर काढलं. कव्हर कसलं, वरच्या मजल्यांवरच्या तीन कुंड्यांच्या पाण्याने शिवलेली गोधडी. चावी फिरवली. काहीच नाही. ना दिवा, ना आवाज, ना काटा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला होता, चार दिवस विसरलेल्या पावावर येतो तसा. मल्टिमीटरवर आकडा आला 3.4 व्होल्ट. धडधाकट बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. ही बॅटरी नव्हती, बॅटरीचा फोटो होता. नवी आणली, क्लॅम्प गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासले (हा सोडा ढोकळ्यासाठी होता, तो विषय वेगळा), जोडणी केली. आतला दिवा लागला, हॉर्न वाजला. हॉर्नमुळे सोसायटी जमली.

डॅशबोर्डवर मात्र शुकशुकाट. पेट्रोलचा काटा तळाला, तापमानाचा तळाला, वेगाचा शून्यावर. ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवासुद्धा लागेना.

"काटे गेले," पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले.

पुण्यात एखादं यंत्र बंद पडलं की ते का बंद पडलं यावर मत नसलेला माणूस बाहेरगावचा समजावा. कुणी म्हणालं अर्थिंग, कुणी म्हणालं मीटरच बदला, कुणी म्हणालं ओलीने आत बुरशी आली असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून वडील, वय 81, हातात चहाचा कप घेऊन हे सगळं बघत होते. तिथूनच म्हणाले, "त्या काट्यांना काही झालेलं नाही."

"हो बाबा," मी म्हणालो. हे मी त्यांना 1985 पासून म्हणतो आहे.

मेहुण्याचं लक्ष वेगाच्या काट्यावर. शिकाऊ माणसाला वेगाचीच काळजी. मी समजावलं की या गाडीत त्या काट्याला वीज लागतच नाही. गिअरबॉक्समधून एक केबल येते, ती मीटरमागचं लोहचुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने काट्याची वाटी वळते. गाडी उभी असताना शून्य दाखवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. "मग चालवून बघू," तो म्हणाला. गाडी चालू नाही, हे त्याच्या बेतात बसत नव्हतं. शेवटी गिअर न्यूट्रलला टाकून चौघांनी गाडी ढकलली. टायरमध्ये हवा जेमतेम. पार्किंगच्या पहिल्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आम्ही धापा टाकत गेलो आणि आत बसलेला मेहुणा खिडकीतून ओरडला, "हलला नाही!" अहो, ताशी तीन किलोमीटरला तो कसा हलेल? मुंगीच्या वेगाची नोंद ठेवायला ते मीटर केलेलं नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या काकांनी छातीवर हात ठेवून "मीटरच गेलं" असा निकाल दिला आणि ते बाकावर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत.

सोमवारी वायरमन आला. त्याने आल्या आल्या बॉनेट उघडलं आणि हसला. आत उंदराचा संसार होता: सुतळी, कापूस, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आणि माझा हरवलेला एक मोजा. कोणीतरी सांगितलं म्हणून मी तिथे तंबाखूच्या पुड्या बांधल्या होत्या. पुड्या फोडलेल्या होत्या. उंदीर गेला होता, पण सवय लागून.

दोन वायरींचं वरचं आवरण कुरतडलेलं, त्या एकमेकींना चिकटलेल्या. त्यामुळे फ्यूज उडालेला. स्टिअरिंगखालच्या डबीतून त्याने निळा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार मधोमध तुटलेली. 15 अँपियरचा. घरात तसा फ्यूज नव्हता. काकांनी बाकावरून सुचवलं, "सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, आमच्या वेळी तेच करायचे."

वायरमन सावकाश त्यांच्याकडे वळला. "काका, फ्यूज जळतो म्हणून वायर जळत नाही. चांदी लावली की मग गाडी जळते."

वायरींना नवी टेप, नवा फ्यूज, चावी. दोन्ही लाल दिवे लागले! टाळ्या पडल्या. आता मीटरला करंट येतोय हे नक्की झालं. पण काटे? दोन्ही होते तिथेच.

"तापमानाचं सोडा, इंजिन थंड आहे," वायरमन म्हणाला. "पेट्रोलचा का उठत नाही? टाकीत आहे ना?"

"अर्धी टाकी आहे," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी लग्नातही हो म्हटलं नव्हतं. शेवटचं पेट्रोल मीच भरलं होतं, मला पंपसुद्धा आठवत होता. इंजिन चालू करून बघावं म्हटलं तर त्यानेच थांबवलं. एवढ्या जुन्या ऑइलवर सेल मारू नका, आधी मेकॅनिकला बोलवा. शहाणा सल्ला. त्यामुळेच पुढचे दोन दिवस गेले.

त्याने मागची सीट उचलली. टाकीवरच्या युनिटची वायर काढली आणि तिचं टोक क्षणभर बॉडीला टेकवलं. मी पुढे बसून बघत होतो. काटा जागा झाला, आळस दिला आणि सरळ फुल्लच्या खुणेकडे निघाला. मला भरून आलं. म्हणजे काटा चांगला, वायर चांगली. बिघाड राहिला कशात? टाकीतल्या फ्लोटमध्ये. पेट्रोलवर तरंगणारा तो एक डबा, त्याच्या दांडीला जोडलेला रेझिस्टन्स. डबा वर तर काटा वर.

"नाना पेठेतून फ्लोट घेऊन या," वायरमन म्हणाला.

"त्या फ्लोटला काही झालेलं नाही," गॅलरी म्हणाली.

नाना पेठेत स्पेअर पार्ट मिळत नाही असं होत नाही. फक्त तो चौथ्या दुकानात मिळतो आणि पहिली तीन दुकानं तुम्हाला गाडी विकून टाकायचा सल्ला देतात. फ्लोटचे 950 रुपये झाले. काउंटरमागे पाटी: 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. बदलूनही मिळणार नाही. विचारू नये.' मी विचारलं नाही.

बुधवारी वायरमनने स्क्रू काढून जुना फ्लोट बाहेर उचलला. दांडी खाली लोंबत होती. त्याने वायर जोडली, डबा हाताने वर केला. काटा वर. खाली सोडला. काटा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. आज्ञाधारक काटा. मग त्याने टॉर्च मारून टाकीत डोकावलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"साहेब, ही कोरडी आहे."

मी गॅलरीकडे पाहिलं. कप खाली ठेवला गेला. वडील जिना उतरून आले, एकेक पायरी, कठड्याला धरून. त्यांनी पुढचं दार उघडलं, डाव्या खणातून वही काढली, चष्मा लावला आणि पान माझ्यापुढे धरलं. 'गाडी उभी राहणार. पेट्रोल खराब होते, सबब टाकी रिकामी केली. स्कूटरला 5 लि. उरलेले तळमजल्याच्या जनरेटरला 9 लि.' खाली तारीख, खाली सही.

"सांगायचं ना बाबा!"

"तीन दिवस सांगतोय. कारण कोणी विचारलं का?"

वायरमनने जुना फ्लोट पुन्हा बसवला. मी कॅनने पाच लिटर पेट्रोल आणून टाकीत ओतलं. काटा तळापासून जेमतेम बोटभर वर आला आणि थांबला. मेहुणा म्हणाला, "बघा, अजून बरोबर दाखवत नाही."

रात्री वही चाळली. नवी नोंद होती: 'काटे तपासणी, 3 दिवस. फ्यूज रु. 10, मजुरी रु. 700, फ्लोट रु. 950 (अनावश्यक). मोजा 1, उजवा, सापडला.'