साक्षीदार बघून ट्राउटला जावं

फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरायला, एकट्याने जाण्यात काही अर्थ नाही. पकडलेला ट्राउट मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, ही आता अनेक ठिकाणची रीत. म्हणजे ज्या पुराव्यासाठी तुम्ही पहाटे उठलात, तो शेपटी हलवत आपल्या वाटेने निघून जातो. सोमवारी चारचौघांत मांडायला उरतो फक्त तुमचा शब्द, आणि त्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा रॉड, रील, बूट यांच्या याद्या मागाहून करा. आधी मित्र ठरवा. रॉड उसना मिळतो. वेळेला हवं तेच बोलणारा साक्षीदार मिळत नाही.

मित्र अगदी नवखा नको. तुमच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम माशाबद्दल "हो, काहीतरी वळवळत होतं खरं" एवढंच बोलून तो गप्प बसेल. फार जाणताही नको. जाणता माणूस न विचारता इंच सांगतो. ट्राउट ओळखण्याइतकी जाण आणि १२ इंच नि १६ इंच यांत भेद न करण्याइतकं मोठं मन, असा माणूस शोधा. त्याच्याकडे पोलराइज्ड गॉगल नसला तर उत्तमच. त्या काचांनी पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. मग तुम्ही सकाळपासून ज्या 'थोराड नरा'वर मेहनत घेताय तो दगड आहे, हे त्यालाही दिसतं.

सामानाबद्दल थोडक्यात. बहुतेक ट्राउटसाठी ९ फुटी, ५ नंबर लाइनचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा) एक रॉड पुरतो, ही माहिती घरात कुणाला कळू देऊ नका. गळांचे आकडे उलटे चालतात: नंबर जितका मोठा तितका गळ लहान. याचा फायदा घ्या. "शेवटी मी २० नंबरवर गेलो" हे वाक्य अजाण माणसाला भारदस्त वाटतं आणि जाणत्याला त्याहून भारदस्त. दोरीच्या टोकाला असतो टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक धागा. त्याची जाडी काढायची तर ११ मधून त्याच्यावर लिहिलेला एक्सचा आकडा वजा करायचा, येईल ते उत्तर इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे ५ एक्सचा टिपेट झाला ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. एवढा बारीक धागा वापरायचा तो मासा बिथरू नये म्हणून, असं सांगतात. खरा उपयोग तो तुटल्यावर कळतो. हातात आलेल्या माशाला लांबी असते. तुटून गेलेल्या माशाच्या लांबीला कायद्याने वरची मर्यादा नाही. त्यामुळे गाठ बांधताना ती ओली न करता, घाईघाईने, कोरडीच आवळा. घर्षणाने धागा कमकुवत होतो आणि थोर मासे तुटून जायला मोकळे राहतात.

आता माशी. म्हणजे खोटी माशी, गळावर पिसं नि लोकर गुंडाळून केलेली. हा उद्योग जुना आहे. रोमन लेखक एलियनने इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेवलंय की मॅसेडोनियाचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसं बांधत आणि ठिपकेदार मासे धरत. तिथून माणसाने केवढी प्रगती केली पाहा: तेव्हा एक माशी होती, आता तुमच्या डबीत शंभर आहेत आणि मासा नाही. काठावर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरणं असंस्कृतपणाचं असतं. आधी उडणारे किडे बघायचे. मेफ्लाय नावाचा जीव साधारण वर्ष पाण्याखाली अळीसारखं काढतो, मग एके दिवशी पंख फुटून वर येतो. प्रौढपणी त्याचं तोंड निकामी असतं. खाणंपिणं बंद, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत संपायचं. त्या बिचाऱ्याच्या एकुलत्या एका दुपारी तुम्ही दोघांनी डबी उघडून तो राखाडी की शेवाळी यावर वाद घालायचा आहे. वाद मिटेपर्यंत किडे मरतात. मग दुसऱ्या जातीचे निघतात. वाद पुन्हा पहिल्यापासून घ्या.

किडेच नसतील तर माशा मारत बसू नका, तत्त्वाचा प्रश्न काढा. माशी पाण्यावर तरंगती असावी, की निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल, चालेल? हा प्रश्न किरकोळ समजू नका. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर चर्चा झाली आणि निम्फचा जुना पुरस्कर्ता स्क्यूज याला, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, आपली बाजू मांडावी लागली. हा माणूस पेशाने वकील होता. एवढ्या वयाची मोठी माणसं यासाठी भांडली, तर तुम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहज खेचाल. मित्र ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजू घ्या. दुपारनंतर त्याने बाजू बदलली तर तुम्हीही बदला.

फेक हा प्रकार मात्र नीट समजून घ्या, कारण इथे साक्षीदार जायबंदी होऊ शकतो. इतर मासेमारीत वजनदार आमिष जातं आणि दोरीला ओढून नेतं. इथे माशीला वजनच नाही. वजन दोरीला असतं आणि तीच माशीला घेऊन जाते. म्हणून रॉड घड्याळाच्या काट्यासारखा १० आणि २ यांच्या मध्ये हलवायचा आणि मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. थांबणं हीच खरी कला. ती कुणालाच येत नाही. दोरी अजून मागच्या मागे उलगडत असते आणि माणूस पुढे झटका देऊन मोकळा होतो. चाबकासारखा आवाज येतो आणि माशी निखळते. बरं, मागे दोरी सरळ होते तिथेच नेमकं झुडूप असतं. झुडूप नसेल तर मित्र असतो. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा असं सगळीकडे सांगितलं जातं, माशाला इजा कमी होते म्हणून. माशाचं आपण नंतर बघू; सपाट गळ मित्राच्या कानातून विनातक्रार निघतो आणि संध्याकाळी तो तुमच्या बाजूने बोलण्याच्या मनःस्थितीत राहतो.

एका ओढ्यावर दोघं असले की डोह आळीपाळीने घ्यायचा शिष्टाचार आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे खालच्या बाजूने, म्हणजे त्याच्या पाठीमागून जायचं. पाण्यातून वर बघताना त्याला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं आणि जे जमिनीलगत असतं ते खिडकीच्या कडेला चेपून जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून वाकून, शक्य तर गुडघ्यांवर जावं. शिवाय त्याच्या कुशीवरच्या रेषेला पाण्यातली थरथर कळते. पाय आपटू नयेत. हे सगळं तुम्ही मन लावून करा. डोहाच्या अगदी वरच्या टोकापर्यंत, प्रत्येक खाचेत माशी टाकून, दोनदा घसरून, एकदा शिव्या देऊन झालं की बाहेर या आणि मित्राला प्रेमाने म्हणा, "अरे, हा डोह तू घे. मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलाय."

चुकून मासा लागलाच, तर घाबरू नका. हात ओले करा, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो खरवडला जातो. शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर मासेमारीच थांबवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. (इथपर्यंतचा परिच्छेद उपरोधिक नाही.) फोटोसाठी मासा क्षणभरच उचलायचा, त्यामुळे मित्राचा फोन पिशवीच्या आत, पिशवीतल्या पिशवीत असणं सोयीचं. तो फोन काढेपर्यंत मासा गेलेला असतो आणि फोटोत तुम्ही, पाण्याचा एक फवारा आणि तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद एवढंच येतं. यापेक्षा चांगला पुरावा नाही. स्पष्ट फोटोत अंगठा दिसतो, आणि अंगठ्यावरून लोक हिशेब करतात.

खरं काम परतीच्या गाडीत. तिथे तह करायचा. लांबीवर फार ओढाताण नको, ती त्याने पाहिलेली असू शकते. वजनाकडे वळा. मासा न तोलता वजन काढायचं सूत्र प्रसिद्ध आहे: इंचांतली लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, उत्तर पौंडांत. यात घेराचा वर्ग होतो हे ज्याला वेळेवर सुचलं तो या छंदात टिकला. १६ इंच लांब आणि ८ इंच घेराचा मासा भरतो १.२८ पौंड. लांबी तशीच प्रामाणिक ठेवून घेर १० इंच म्हटलात की तोच मासा २ पौंडांचा. घेर कुणी मोजलेला नाही, मोजणार नाही, मोजायला मासाच नाही. मित्राच्या माशालाही तेवढेच दोन इंच मोकळ्या मनाने देऊन टाका. नाही दिलेत, तर तो तुमच्या माशाची लांबी आठवायला लागेल.