भोळेपणाची सबब पटत नाही

हिटलरच्या चाहत्या झालेल्या युनिटी आणि डायना या ब्रिटिश उमराव घराण्यातल्या मिटफर्ड भगिनींना तुमच्या लेखात ‘वैभवाला भुललेल्या भोळ्या मुली’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही.

युनिटी १९३४ साली म्युनिकला गेली. हिटलर जेवायला यायचा त्या ओस्टेरिया बाव्हारिया या रेस्टॉरंटमध्ये रोज जाऊन बसायची. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्याने तिला आपल्या टेबलावर बोलावलं. इथपर्यंत वेड म्हणा हवं तर. पण त्याच वर्षी तिने ‘डेर श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव पूर्ण छापा, मी ज्यूद्वेष्टी आहे हे सगळ्यांना कळू दे, असं आवर्जून सांगितलं. याला भोळेपणा कसं म्हणायचं?

डायनाचंही तेच. ऑक्टोबर १९३६ मध्ये तिने ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता ऑस्वाल्ड मोस्लीशी लग्न केलं, तेही बर्लिनमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी, हिटलरच्या उपस्थितीत. पुढे युद्धकाळात लंडनच्या होलोवे तुरुंगात राहिली, पण म्हातारपणीही तिने हिटलरला कधी मनापासून नाकारलं नाही.

आणि घरच्या वातावरणाला तरी किती दोष द्यायचा? त्यांचीच बहीण जेसिका १९३७ मध्ये तिथल्या यादवी युद्धात फॅसिस्टांच्या पाठिंब्याने लढणाऱ्या जनरल फ्रँकोविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या ओढीने पळून स्पेनला गेली. आणखी एक बहीण नॅन्सी, तिने तर १९४० मध्ये सख्ख्या बहिणीबद्दल, डायना धोकादायक आहे, असं सरकारला कळवलं. तेच आईबाप, तोच वाडा, तेच शिक्षण. लेखात जेसिकाला जेमतेम एक ओळ मिळालीय, याचं मला फार वाईट वाटलं. तिच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.